होटगी रोडवरचा इटालियन क्लास, क्रियापदांची बॅच : जरा मोठा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, ही बॅच लावा. सोलापुरात इटालियन शिकवणारं मुळात कोणी सापडत नाही म्हणून आहे ते गोड मानून घ्या अशातला भाग नाही, पुण्यात राहत असते तरी मी हाच क्लास शोधला असता. कारण इथे क्रियापदांचे तक्ते पाठ करायला लावायच्या आधी त्या क्रियापदाचे तुकडे कुठे पडतात आणि जोर कुठल्या तुकड्यावर येतो ते शिकवतात, आणि तेही असं शिकवतात की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ते पक्कं बसतं.

माझं थोडक्यात सांगते. मी टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचं बघते. आमच्याकडचे काही लूम इटलीचे आहेत, बेर्गामोच्या बाजूचे, पार्ट अडला की तिकडच्या माणसांशी व्हिडिओ कॉल होतो, इंग्लिश त्यांचंही जेमतेम आणि आमच्या फिटर लोकांचंही, म्हणून म्हटलं आपणच शिकून घेऊ. त्याआधी एक ऑनलाइन कोर्स केला होता, नाव घेत नाही, त्यात रंगीत चार्ट होते, क्विझ होत्या, सर्टिफिकेट पण होतं, फक्त जोर कुठे द्यायचा हे अख्ख्या कोर्समध्ये एका ओळीतसुद्धा सांगितलेलं नव्हतं. पैसे घेऊन भाषा शिकवता आणि ज्याच्याशिवाय समोरच्याला शब्दच कळत नाही ती गोष्ट वगळता, ह्याचा मला खरंच राग आहे.

आता तुम्ही म्हणाल जोराचं एवढं काय. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तर शब्द बदलत नाही, बोलणं थोडं वेगळं वाटतं एवढंच, म्हणून आपल्या कानाला त्याची सवयच नाही. इटालियनमध्ये शब्द बदलतो. (इथे ठळक अक्षर करता येत नाही म्हणून ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी ' अशी खूण टाकते, वाचताना लक्ष ठेवा.) 'का-पी-तो म्हणजे मी येऊन टपकतो, का-'पी-तो म्हणजे समजलं, आणि का-पी-'तो म्हणजे घडलं. तीन वेगळी रूपं. ह्यातल्या शेवटच्याच्या डोक्यावर लिहिताना तिरकी रेघ येते, पहिली दोन मात्र कागदावर अगदी हुबेहूब सारखी. इटालियनचा नियमच असा की जोर शेवटच्या अक्षरावर असेल तरच रेघ सक्तीची (आणि काही एकअक्षरी शब्दांवर), बाकी सगळीकडे वाचणाऱ्याला माहीतच असतं असं धरून चालतात. त्यांना असतं माहीत, आईच्या पोटातून आलेत. आपल्याला कुठून असणार?

तसंच 'पेर-दो-नो म्हणजे ते हरतात आणि पेर-'दो-नो म्हणजे मी माफ करतो. स्पेलिंग एकच. बिझनेस कॉलवर हे उलटसुलट झालं तर काय होईल बघा.

तर क्लासचं. पहिल्या लेक्चरला मॅडमनी इटालियनचा एक शब्दसुद्धा न लिहिता फळ्यावर यमाताराजभानसलगं लिहिलं. वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर दहावीला ऑप्शनला टाकलं होतं की." मॅडम म्हणाल्या, "टाकलं होतंस ना, आता उचल." आणि तिथून पुढचा सगळा वेळ लघु-गुरू. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू, आणि ऱ्हस्व असलं तरी पुढे जोडाक्षराचा धक्का बसला की तेही गुरू. ही शेवटची गोष्ट ज्याला आठवते त्याचं इटालियन अर्धं झालं असं मी आता छातीठोक म्हणते.

कारण इटालियनमध्ये जोर असलेलं अक्षर नेहमी वजनदार असतं, आणि वजन दोनच प्रकारे येतं. तुकडा स्वरावर संपत असेल तर तो स्वर लांबतो. तुकडा व्यंजनावर बंद होत असेल तर स्वर आखूडच राहतो आणि वजन ते व्यंजन देतं. 'का-दे म्हणजे पडतो, इथे का चांगला लांब. 'काद्-दे म्हणजे पडला, इथे का आखूड आणि द वर थांबायचं, खरंच थांबायचं, जीभ दाताला टेकवून धरायची आणि मग सोडायची. 'बे-वे पितो, 'बेव्-वे प्याला. वर्तमान आणि भूतकाळातला फरक फक्त तुकडा उघडा की बंद ह्यावर. मॅडम टेबलावर टिचकी मारत हे करून घेतात, लांब स्वराला हात फिरवायचा, बंद तुकड्याला टिचकी मारून थांबायचं. कॉलेजची पोरं सुरुवातीला हसायची, मग तीच पोरं जिन्यात टिचक्या मारत उतरायची.

शब्दाच्या शेवटी जोर असलेल्या रूपांचं काय, तिथे तर स्वर लांबत नाही, मग वजन कुठून येणार? हा प्रश्न मी विचारला होता आणि उत्तर मला फार आवडलं. तिथे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन दुप्पट होऊन मागे चिकटतं. पार-'लो बेने, म्हणजे तो चांगलं बोलला, हे बोलताना पार-'लोब्-बे-ने असं होतं. मध्य आणि दक्षिण इटलीत हे सर्रास, उत्तरेकडे करत नाहीत, म्हणजे आमचे बेर्गामोवाले करत नाहीत. पण नियम कसा घट्ट आहे बघा, शब्द स्वतः वजन देऊ शकत नसेल तर शेजाऱ्याकडून घेतो.

तुकडे पाडायचे नियम तसे सोपे आहेत, दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जातं, जोडी असेल तर मधून फुटते, ल र म न नंतर व्यंजन आलं की तिथे फुटतं, आणि प्र, त्र, क्ल असले गठ्ठे फोडायचे नाहीत. मराठी माणसाला ह्यात एकच गोची होते, रफार. 'पार्लो' असं आपण लिहिलं की र जाऊन लो च्या डोक्यावर बसतो आणि डोळ्याला वाटतं तो तुकडा र्लो असा आहे. तो र खरं तर मागच्या पा चा आहे, पार्-लो. गंमत म्हणजे वृत्त मोजताना आपण हे बरोबर करतो, रफाराचं वजन मागच्या अक्षरालाच देतो. वाचताना मात्र विसरतो. म्हणून मॅडम नोटबुकात रफार काढूच देत नाहीत, सरळ र मोकळा लिहायचा. आणि आणखी एक, देवनागरीत लिहिलं की ला, ता, ना सगळं दीर्घ दिसतं, मग आपण प्रत्येक अक्षर सारखंच लांबवत जातो, पा-र-ला-नो असं काहीतरी. एकच लांब असतं. बाकीची स्पष्ट पण आखूड.

स च्या जोडाक्षराबद्दल जरा वाद झाला होता वर्गात. पार-'ला-स्ती म्हणजे तू बोललास, इथे इटालियन व्याकरणाप्रमाणे ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर स पुढच्या तुकड्यात जातो, ला-स्ती. पण मग ला उघडा झाला, म्हणजे तो लांबायला पाहिजे. लांबत नाही. ऐकलं तर आखूडच आहे. एका मुलीने हे पकडलं, आणि मॅडमनी पुस्तकात असं आहे म्हणून दामटून नेलं नाही, त्या म्हणाल्या की लिहिताना तोडायचा नियम वेगळा आणि कानाचा हिशोब वेगळा, ध्वनिशास्त्राचे बरेच अभ्यासक स ला मागच्याच तुकड्यात धरतात. म्हणजे आपला वृत्ताचा कान इथे बरोबर निघाला. असं उत्तर देणारा शिक्षक मिळणं अवघड आहे हो.

आता मुख्य माल, म्हणजे वर्तमानकाळ. बोलणे ह्याची रूपं घ्या. 'पार-लो, 'पार-ली, 'पार-ला, पार-'ल्या-मो, पार-'ला-ते, 'पार-ला-नो. मी, तू, तो ह्यांच्यात जोर मुळावर, आम्ही आणि तुम्ही ह्यांच्यात तो प्रत्ययावर सरकतो, आणि ते बोलतात ह्याच्यात परत मुळावर येतो. हे शेवटचं रूप सगळ्यांना गंडवतं. नो लागलं की शब्द लांब होतो आणि आपली जीभ आपोआप मधल्या ला वर जाऊन बसते. तिथे बसायचं नाही. मॅडमचा नियम, आधी मी चं रूप मोठ्याने म्हणा, जोर जिथे आहे तिथे खिळा ठोका, मग मागे काय जोडायचं ते जोडा, खिळा हलता कामा नये. राहणे हे क्रियापद घ्या, आ-बी-'ता-रे. मी राहतो, 'आ-बी-तो. ते राहतात, 'आ-बी-ता-नो, म्हणजे जोर शेवटून चौथ्या अक्षरावर. फोन करणे ह्याचं ते-'ले-फो-ना-नो. पण शिकणे, इम्-पा-'रा-रे, ह्याचं मी चं रूप इम्-'पा-रो आणि ते चं इम्-'पा-रा-नो. आबीतारे आणि इम्पारारे दिसायला सारखी, जोर वेगळीकडे, आणि मूळ रूप बघून ते ओळखता येत नाही. म्हणून इथे प्रत्येक नवीन क्रियापद मी च्या रूपासकट लिहून घेतात, नुसतं मूळ रूप लिहिलं की वही परत. ही एक सवय जरी लागली तरी फी वसूल.

ते चं रूप बाकीच्या काळातही असंच मागे जोर ओढतं. पार-'ला-वा-नो ते बोलायचे, पार-'ला-रो-नो ते बोलले, पार-'लास्-से-रो, पार-ले-'रेब्-बे-रो. फक्त भविष्यकाळ वेगळा, पार-ले-'रान्-नो, कारण तिथे शेवटून दुसरा तुकडा न ने बंद झालाय, म्हणजे गुरू झालाय, आणि गुरूला ओलांडून जोर सहसा मागे जात नाही. सहसा म्हणते कारण 'ता-रान्-तो नावाचं शहर आहे दक्षिणेत, ते हा नियम मोडतं, गावांच्या नावांचं काही खरं नसतं. जाता जाता, बेर्गामोसुद्धा 'बेर-गा-मो आहे, आमच्या कारखान्यात सगळे बेर-'गा-मो म्हणतात.

भविष्यकाळात अजून एक खाचखळगा आहे, पार-ले-'रे-मो म्हणजे आम्ही बोलू आणि पार-ले-'रेम्-मो म्हणजे आम्ही बोललो असतो. एका म चा फरक. एकात आश्वासन आहे, दुसऱ्यात पुढे "पण..." येणार आहे. डिलिव्हरीच्या तारखेबद्दल बोलताना हे घट्ट पाहिजे.

मला सगळ्यात भारी वाटलेलं लेक्चर मात्र एरे वाल्या, म्हणजे मूळ रूप एरे ने संपणाऱ्या क्रियापदांचं. आरे आणि ईरे वाल्यांचा प्रश्न नाही, मूळ रूपात जोर शेवटून दुसऱ्यावर, संपलं. एरे वाल्यांचे दोन गट. वे-'दे-रे बघणे, ते-'मे-रे घाबरणे, पो-'ते-रे, दो-'वे-रे, वो-'ले-रे ही सगळी एक जात. आणि 'लेज्-जे-रे वाचणे, 'स्क्री-वे-रे लिहिणे, 'प्रेन्-दे-रे घेणे, 'मेत्-ते-रे ठेवणे ही दुसरी, जिथे जोर मागे मुळावर. ऑनलाइन कोर्सने मला हे सगळं एकाच खोक्यात टाकून दिलं होतं. मॅडमनी सांगितलं की लॅटिनमध्ये ही दोन वेगळी घराणीच होती, एकात तो ए दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व, आणि लॅटिनचा जोराचा नियम असा की शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर एक पाऊल मागे. परत लघु-गुरू! इटालियनमध्ये येईपर्यंत त्या ए चं ऱ्हस्व-दीर्घ गेलं पण जोर जिथल्या तिथे राहिला. काहींनी मधल्या काळात घर बदललं, म्हणजे पडणे का-'दे-रे आणि जाणणे सा-'पे-रे ही लॅटिनमध्ये मागे जोर असलेली होती ती पुढे आली, आणि उत्तर देणे रि-'स्पोन्-दे-रे, हसणे 'री-दे-रे ही उलटी गेली. तेवढी पाठ करायची. कारण कळलं की पाठ करायला माणूस कुरकुर करत नाही हे मी ह्या वर्गात बघितलं.

आणि मग येणे ह्या क्रियापदाचा दिवस. मी येतो 'वेन्-गो, तो येतो 'व्ये-ने, आम्ही येतो वे-'न्या-मो, तो आला 'वेन्-ने. कोणीही बघितलं तर म्हणेल अनियमित आहे, घोका. मॅडमनी फळ्यावर चारही रूपं तुकडे पाडून लिहिली आणि म्हणाल्या दोन मिनिटं नुसतं बघा, कोणी बोलू नका. आमच्या वर्गात एक फिटर काका आहेत, पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलतात, त्यांनी सांगितलं, "ज्या तुकड्यावर जोर आहे आणि जो उघडा आहे, तिथेच ये झालाय." बास. तेच उत्तर. वेन् बंद आहे म्हणून तिथे साधा ए. वेन्यामो मध्ये जोर पुढे गेला म्हणून तिथे साधा ए. व्येने मध्ये तुकडा उघडा आणि जोर त्याच्यावर, तिथे ये. धरणे ह्याचं तसंच, 'तेन्-गो, 'त्ये-ने, ते-'न्या-मो, 'तेन्-ने. ओ चं पण तसंच, मरतो 'म्वो-रे, मेलेला 'मोर्-तो, आम्ही मरतो मो-'र्या-मो. पाहिजे आहे त्याचं 'व्वो-ले आणि पाहिजे होतं त्याचं 'वोल्-ले. इतकी वर्षं जगभर लोक ज्याला अनियमित म्हणून घोकतात त्यातला निम्मा भाग तुकडा उघडा की बंद एवढ्यावर सुटतो! मी त्या दिवशी घरी येऊन जुना चार्ट काढला आणि पेनने तुकडे पाडत बसले, जेवायला हाक मारली तरी उठले नाही.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. आज बरीच क्रियापदं सगळ्या रूपांत एकसारखी झालीत, वाजवणे ह्याचं आम्ही चं रूप आता स्वो नेच चालतं, स्वो-'न्या-मो. पोहणे ह्याचं न्वो-'त्या-मो असं ठेवतात कारण नो-'त्या-मो केलं तर ते आम्ही लक्षात घेतो असं होईल. हे अपवाद मॅडम पटकन उरकतात, अजून थोडा वेळ द्यायला हवा होता.

त्या काकांचं मला विशेष लिहायचंय. तेलुगूला पूर्वेची इटालियन म्हणतात आणि त्याच्याशी 15 व्या शतकातल्या निकोलो दे कोंती ह्या व्हेनिसकडच्या व्यापाऱ्याचं नाव जोडतात, तो विजयनगरला येऊन गेला होता. कारण दोन्हीकडे शब्द स्वरावर संपतो. आपण मराठीत शेवटचा अ गिळतो, शेवटच्या व्यंजनावर तोंड मिटतो. काका प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर इतका स्वच्छ सोडतात की ऐकत राहावं. आणि क्रियापदात शेवटचा स्वर म्हणजेच मी, तू की तो, तो गिळला तर कोण करतंय तेच कळत नाही. आमच्यातल्या कन्नड घरातल्या मुलीचंही शेवटचं अक्षर तसंच मोकळं येतं. सोलापुरात घरोघरी दोन तीन भाषा असतात त्याचा असा फायदा होताना मी पहिल्यांदाच बघितला, आणि मॅडम तो मुद्दाम करून घेतात, शेवटच्या स्वरासाठी काकांना आधी बोलायला लावतात आणि लघु-गुरूसाठी मराठीवाल्यांना.

ऑफिसच्या कामासाठी मला सगळ्यात उपयोगी पडली ती एकदम बारीक गोष्ट. स्तू-'द्या-रे म्हणजे अभ्यास करणे आणि इन्-वी-'आ-रे म्हणजे पाठवणे, दोन्ही लिहिताना शेवटी तीच अक्षरं. मी अभ्यास करतो 'स्तू-द्यो, मी पाठवतो इन्-'वी-ओ. एकात इ वर जोर नाही म्हणून ती पुढच्या स्वरात विरघळते, दुसऱ्यात इ वर जोर आहे म्हणून ती वेगळी उभी राहते. देवनागरीत हे किती सुंदर दिसतं बघा, द्यो आणि वी-ओ. मग तू चं रूप करताना स्तूदी मध्ये एकच इ लिहायची, पण इन्-'वी-ई मध्ये दोन. इनव्हॉइस पाठवा अशी अदबीने विनंती करतानाही हेच दोन इ वालं रूप येतं. तिकडून येणाऱ्या मेलमध्ये मी हे दोन इ कायम बघायचे आणि कोणाला विचारावं कळायचं नाही. जोर कळल्याशिवाय स्पेलिंग सुद्धा कळत नाही ह्याचा ह्याहून चांगला पुरावा नाही.

आज्ञार्थाचं पण असंच, मागे मला, तुला, ते असले शब्द चिकटतात आणि जोर जागचा हलत नाही. 'मान्-दा-मे-लो, मला ते पाठव. 'फाब्-ब्री-का-मे-लो, मला ते बनवून दे, इथे जोर शेवटून पाचव्यावर. ह्या शब्दावर आमचा वर्ग बराच वेळ अडकला होता, पहिल्यावर जोर देऊन पुढची चार अक्षरं एका दमात सोडायला श्वास लागतो.

आता काय आवडलं नाही ते. नोट्स झेरॉक्सच्या आहेत आणि झेरॉक्स पण झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात ए वरची रेघ डावीकडून आहे की उजवीकडून ते दिसतच नाही. इटालियनमध्ये त्या दोन रेघा म्हणजे दोन वेगळे ए आहेत, एक तोंड उघडून आणि एक मिटून, काही पानांवर तर रेघच उडालीय. जोरावर उभ्या असलेल्या क्लासच्या नोट्समध्ये जोराचीच खूण उडावी हे बरोबर नाही, मॅडम, एकदा नव्याने प्रिंट काढा, आम्ही पैसे देऊ. दुसरं, उघडा ए आणि मिटलेला ए, उघडा ओ आणि मिटलेला ओ हे फारच घाईत झालं. तिसरं, लेक्चरचं रेकॉर्डिंग देत नाहीत. ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली तर मॅडम नेमक्या त्याच अक्षराशी थांबवून स्वतः म्हणून दाखवतात, ते उत्तम आहे, पण कारखान्यात शिफ्ट लांबली की लेक्चर बुडतं आणि मग भरून काढायला काही नाही. वर पत्रे आहेत, उन्हाळ्यात संध्याकाळची बॅचसुद्धा तापते, कूलर आहे पण कूलरच्या घरघरीत दुप्पट व्यंजन ऐकू येत नाही, त्यामुळे तो बंद करायला लागतो. गाडी लावायला खाली जागा कमी.

ज्यांना फक्त फिरायला जायचंय, हॉटेलात ऑर्डर देण्यापुरतं पाहिजे, त्यांनी ही बॅच लावू नका, बोर व्हाल, त्यांच्यासाठी ह्यांचीच बेसिक बॅच आहे. मिलानला टेक्सटाइल शिकायला जाणारी मुलं, नर्सिंगचं करून तिकडे जाणारे, सिएनाची चिल्स किंवा पेरुजाची चेली ही इटालियन भाषेची परीक्षा देणारे, त्यांनी नक्की लावा, दोन्ही परीक्षांत तोंडी भाग असतो आणि तिथे तक्ता तोंडपाठ असून भागत नाही. आधी वर्तमानकाळ एकदा झालेला असावा, अगदी कोरी पाटी घेऊन आलात तर पहिल्या तासाला गांगरून जाल.

फी मला वाजवी वाटली, एकदम भरायची सक्ती नाही, दोन भागात घेतात. येताना लाल पेन आणा, जोराची खूण लालनेच करायची असा नियम आहे. शंका आली तर इटलीच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचा म्हणजे राईचा उच्चारकोश इंटरनेटवर फुकट आहे, 1969 साली पहिल्यांदा छापलेला, त्यात प्रत्येक शब्दाचा जोर दिलेला असतो, मॅडम वर्गात तोच उघडून दाखवतात. पाचपैकी साडेचार. उरलेला अर्धा नोट्स नीट छापून आल्या की देते, आणि नाव नोंदवायला गेलात तर सकाळची बॅच मागा, तेव्हा कूलर लागत नाही.